गजाआडचा खोकला आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात तुरुंगातल्या टीबीवर जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही घाबरलेली, काही चिडलेली, एक तर सरळ मलाच आत टाका म्हणणारं. मी सहा वर्षं आठवड्यातून दोनदा एका जेलच्या दवाखान्यात बसायचे, त्यामुळे ह्या विषयावर जरा जास्तच बोलते, सांभाळून घ्या.

डॉक्टर मॅडम, माझे मिस्टर जेलमध्ये शिपाई आहेत. त्यांच्या बॅरॅकमधल्या एका कैद्याला टीबी निघाला, तो चार महिने खोकत होता म्हणे. आता सासूबाईंनी ह्यांचं ताट-वाटी वेगळं काढलंय. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. काय करू?

ताई, आधी ते ताट परत जागेवर ठेवा. टीबी भांड्यातून, कपड्यातून, शेजारी बसून जेवल्याने होत नाही. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा हवेत अगदी बारीक कण जातात आणि बंद जागेत ते तरंगत राहतात, ते बराच वेळ कुणी श्वासातून घेतले तर लागण होते. 1950 च्या दशकात बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलमध्ये रायली आणि वेल्स ह्या दोघांनी टीबी वॉर्डातली हवा पाइपने वरच्या मजल्यावर नेऊन गिनिपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली होती. पेशंटची आणि गिनिपिगांची कधी नजरानजरही नाही, भांडी एक असायचा तर प्रश्नच नाही, तरी गिनिपिगांना टीबी झाला. आणि ज्या पिंजऱ्यांत तीच हवा अतिनील दिव्यासमोरून जाऊन येत होती तिथे झाला नाही. सासूबाईंना ही गिनिपिगांची गोष्ट सांगून बघा, मी घरोघरी हीच सांगते.

आता मिस्टरांचं. जंतू अंगात असणं वेगळं आणि आजार होणं वेगळं, ह्यात लोकांची कायम गल्लत होते. जगातल्या साधारण एक चतुर्थांश माणसांच्या अंगात कधी ना कधी टीबीचा जंतू शिरलेला आहे असा अंदाज आहे, त्यातल्या पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो आणि तोही बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. बाकीच्यांमध्ये तो जंतू गपगुमान पडून असतो, आणि असा गप पडलेला जंतू दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे मिस्टरांना स्वतःला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं असलं काही नसेल आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर त्यांच्यापासून तुम्हाला किंवा मुलीला आज धोका नाही. पण चार महिने त्याच हवेत ड्युटी केलीय तर एक्स-रे आणि लागणीची टेस्ट करून घ्याच, "मला काही होत नाही" हे वाक्य मी गणवेशातल्या माणसांकडून फार ऐकलंय. नुसती लागण निघाली तर आजार होऊ नये म्हणून गोळ्या असतात, हल्ली आठवड्यातून एकदा असे बारा डोस हाही प्रकार आहे. आणि समजा आजारच निघाला तर सहा महिन्यांचा कोर्स, पहिले दोन महिने चार औषधं, मग चार महिने दोन-तीन, तो पूर्ण केला की माणूस खडखडीत बरा होतो. त्या वेळी मात्र मुलीला लगेच दाखवायचं, कारण पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये लागणीचा आजार फार पटकन होतो आणि तिला आजार नसला तरी प्रतिबंधक औषध द्यावं लागतं.

तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे, ते "चार महिने". तुरुंगात टीबीचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा जगभर दहा पटीच्या आसपास आहे आणि त्याचं कारण कैद्यांच्या रक्तात नाही, त्या चार महिन्यांत आहे. मी जायचे तिथल्या बॅरॅकला छताजवळ झरोके होते, थंडीत पोरं त्यात घोंगडीचे तुकडे कोंबायची, त्यांचं तरी काय चुकलं, रात्री गारठा मी म्हणायचा. एकदा मी काडी पेटवून विझवली आणि जेलरसाहेबांना म्हटलं, धूर कुठे जातो बघा. तो कुठेच गेला नाही, डोक्यांवर तसाच लोंबत राहिला. माणसाच्या फुप्फुसातून निघालेली हवाही तिथेच लोंबत होती, फक्त ती दिसत नव्हती. पेरूमधल्या लिमा शहरातल्या हॉस्पिटलांचा 2007 साली छापलेला एक अभ्यास आहे, त्यात जुन्या उंच छताच्या खोल्यांची दारं-खिडक्या सताड उघडल्यावर हवा तासाला साधारण 40 वेळा बदलत होती, आणि मशीनवाल्या आयसोलेशन खोलीसाठी जे प्रमाण धरतात ते 12. घोंगडी काढून वर जाळी आणि खाली एक जास्तीचं पांघरूण, एवढंच मी मागितलं होतं. पांघरुणं यायला दीड वर्ष लागलं.

प्रामाणिक माणूस सरकारी दवाखान्यात रांगेत उभा राहतो आणि खुनी-बलात्कारी लोकांना फुकट डॉक्टर, फुकट औषधं. आमच्या टॅक्सचे पैसे ह्यांच्यावर का? त्यांनी आधी विचार करायला हवा होता.

काका, चिडला आहात ते कळतंय, आणि रांगेबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. पण रांगेतल्या माणसाकडे एक गोष्ट आहे, तो रांग सोडून दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. कैद्याची चावी दुसऱ्याकडे असते. अमेरिकेत 1976 साली हाच मुद्दा सुप्रीम कोर्टात गेला होता, टेक्सासमधल्या एका कैद्याच्या अंगावर काम करताना कापसाची गासडी पडली, पाठ गेली, आणि उपचार नीट झाले नाहीत म्हणून त्याने केस केली. गंमत म्हणजे तो स्वतः केस हरला, पण कोर्टाने त्या निकालात सांगून ठेवलं की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही क्रूर शिक्षा आहे. तुम्ही ज्याला कोंडता त्याच्या दुखण्याची जबाबदारी तुमची, एवढा साधा हिशोब. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांतला 24 वा नियमही तेच म्हणतो, बाहेर जो दर्जा तोच आत. मंडेलांचंच नाव का, तर 27 वर्षं आत काढलेला तो माणूस, त्यांनाही 1988 साली पोल्समूरच्या तुरुंगात टीबी झाला होता. आणि हो, आत असलेले सगळे खुनी नसतात. खूपसे तर अजून दोषीसुद्धा ठरलेले नसतात, तारखेची वाट बघत बसलेले कच्चे कैदी असतात.

हे सगळं तुम्हाला नाही पटलं तरी हरकत नाही, आपण निव्वळ स्वार्थाचं बोलू. तुम्हाला वाटतंय जेल म्हणजे झाकण घट्ट लावलेला डबा. मी सहा वर्षं दारात बसून बघितलंय, ती चाळण आहे. रोज सकाळी कोर्टाच्या गाड्या भरून जातात, संध्याकाळी परत येतात, नवे येतात, जामिनावर जुने सुटतात, शिपाई तीन पाळ्यांत घरी जातात, मुलाखतीला बायका-मुलं येतात, वकील येतात, भाजीवाला येतो, मी यायचे.

इंग्लंडमध्ये ह्याची किंमत थेट न्यायाधीशांनीच मोजली. 1577 च्या जुलैमध्ये ऑक्सफर्डला कोर्ट भरलं, कैद्यांना आणून उभं केलं आणि पुढच्या काही आठवड्यांत सुमारे 300 माणसं तापाने गेली, त्यात ज्या साहेबांनी निकाल दिला तेही. 1750 साली लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात पुन्हा तेच, लॉर्ड मेयर गेले, दोन न्यायाधीश गेले, एकूण पन्नासच्या वर माणसं. तिथे तेव्हा ह्या तापाचं नावच जेल-ताप होतं, आज आपण त्याला टायफस म्हणतो. त्यावर उपाय काय काढला, तर कोर्टात सुगंधी वनस्पती पसरायच्या आणि न्यायाधीशांनी हातात फुलांचा गुच्छ धरायचा, म्हणजे दुर्गंधी नाकात जाऊ नये! ताप पसरवत होत्या कैद्यांच्या कपड्यातल्या उवा, आणि हे कळायला 1909 उजाडावं लागलं. ट्युनिसमध्ये शार्ल निकोल नावाच्या डॉक्टरने बघितलं की हॉस्पिटलच्या दारात पेशंटचे कपडे उतरवणारे आणि ते धुणारे आजारी पडतात, पण पेशंटला आंघोळ घालून स्वच्छ कपडे चढवले की वॉर्डात कुणालाच काही होत नाही. एवढ्याशा निरीक्षणाची गोष्ट, पुढे 1928 चं नोबेल मिळालं.

जॉन हॉवर्डचं नाव इथे घेतलंच पाहिजे. हा इंग्लंडमधला एक जमीनदार, 1773 मध्ये जिल्ह्याचा शेरीफ झाला आणि आपल्या हद्दीतला तुरुंग बघायला स्वतः गेला, जे त्याच्या आधीचे बाकीचे शेरीफ करत नव्हते. तिथे निर्दोष सुटलेली माणसंसुद्धा जेलरची फी भरायला पैसे नाहीत म्हणून आतच पडलेली. मग हा पठ्ठ्या देशभरचे तुरुंग बघत फिरला. कपड्यांना इतका वास मारायचा की बंद बग्गीत बसवेना, म्हणून घोड्यावरून जायचा, आणि टिपणवहीची पानं तासभर विस्तवासमोर धरल्याशिवाय वही उघडवत नसे, हे त्यानेच लिहून ठेवलंय. त्याच्या खटपटीने 1774 मध्ये कायदा झाला, भिंतींना चुना मारा, हवा खेळती ठेवा, आजाऱ्यांना वेगळी खोली आणि डॉक्टर द्या. पुढे 1790 मध्ये आताच्या युक्रेनमधल्या खेरसोनला आजाऱ्यांना बघायला गेला आणि तापानेच गेला.

जुन्या गोष्टी सोडा म्हणाल तर कॅलिफोर्नियातलं सॅन क्वेंटिन घ्या. 1918 च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या जेलमधून एक आजारी कैदी तिथे आला, रविवारी पटांगणात 1900 जणांत मिसळला, सगळ्यांबरोबर जेवला, आणि फ्लूची साथ सुरू झाली, तिथल्या डॉक्टरने हे सगळं व्यवस्थित लिहून छापलंय. 102 वर्षांनी, मे 2020 च्या शेवटी, दुसऱ्या जेलमधून सुमारे 120 कैदी बसने तिथेच आणले, कित्येकांच्या टेस्टला आठवडे होऊन गेले होते. तोवर सॅन क्वेंटिनमध्ये कोविडची एकही केस नव्हती. नंतर 2200 हून जास्त कैद्यांना लागण, 28 कैदी आणि एक कर्मचारी मेले. त्या जेलच्याच डॉक्टरने लिहून ठेवलेलं होतं हो! कुणी उघडून बघितलं असतं तर.

तेव्हा काका, तुमच्या टॅक्समधून कैद्याला जी गोळी मिळते ती थोडी तुमच्या नातवासाठी पण असते.

मी बारावी सायन्सला आहे. गुन्हेगारी जीन्समध्ये असते का? इंटरनेटवर क्रिमिनल जीन म्हणून बरंच आहे.

मित्रा, हे फॅड जुनं आहे. 1876 मध्ये लोम्ब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरने पुस्तकच लिहिलं की जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यावरून, कवटीवरून ओळखता येतो, एका दरोडेखोराच्या कवटीत मागच्या बाजूला खळगा दिसला आणि ह्यांची ट्यूब पेटली. 1913 साली गोरिंग ह्या इंग्रज डॉक्टरने सुमारे 3000 कैद्यांची मापं घेऊन ती सैनिक, विद्यार्थी अशा बाहेरच्या लोकांशी ताडून बघितली आणि असा काही वेगळा गुन्हेगारी साचा नाही असं दाखवलं. (लोम्ब्रोसोचा स्वतःचा सांगाडा आज तुरीनच्या त्याच्याच म्युझियममध्ये उभा आहे, तो बघून कुणी काय अंदाज बांधेल देव जाणे.)

मग आलं एक्सवायवाय. 1965 मध्ये स्कॉटलंडच्या एका कडेकोट बंदोबस्ताच्या हॉस्पिटलात एक जादा वाय क्रोमोसोम असलेले पुरुष अपेक्षेपेक्षा जास्त सापडले आणि पेपरवाल्यांना खाद्य मिळालं. ते पुरुष शोधले कुठे, तर आधीच कोंडलेल्यांत! प्रत्येक हजार पुरुषांमागे साधारण एक असा असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही नसतो. 1976 मध्ये डेन्मार्कमध्ये बाहेरच्या हजारो उंच पुरुषांना तपासलं तेव्हा हे लोक हिंसक असल्याचं काही दिसलं नाही. सॅम्पल कुठून घेतलं हे आधी विचारायचं, परीक्षेत येवो न येवो, आयुष्यभर उपयोगी पडेल.

इंटरनेटवर तू वाचलंस ते बहुतेक एमएओए नावाच्या जीनबद्दल असणार. 1993 मध्ये एका डच कुटुंबात हा जीन पूर्ण बंद पडलेला सापडला आणि त्यातले पुरुष आक्रमक होते, पण ती अतिशय दुर्मिळ गोष्ट. त्याचा कमी जोराचा प्रकार मात्र कोट्यवधी साध्यासुध्या पुरुषांत असतो. न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये मुलांना जन्मापासून मोठं होईपर्यंत बघत गेले, त्या अभ्यासात 2002 साली असं दिसलं की हा प्रकार असून लहानपणी छळही झाला असेल तरच फरक ठळक होतो. जीवशास्त्राला तुरुंगात शोधायचंच असेल तर मी डोक्याच्या जुन्या मारापासून सुरुवात करेन. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांमध्ये निम्म्याच्या आसपास कैद्यांना कधीतरी मेंदूला मार बसल्याचं निघतं. माझ्या ओपीडीत "लहानपणी डोक्यावर पडलास का" विचारलं की पोरं हसायची, आणि मग केस बाजूला करून व्रण दाखवायची.

माझा धाकटा भाऊ दीड वर्ष आत काढून सुटतोय. आत जायच्या आधी तो ब्राउन शुगर घ्यायचा. आता सुटला म्हणजे सुटला, असं आई म्हणते. खरंय का?

दादा, आईंना दुखवायचं नाहीये पण सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात नाजूक. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास 2007 मध्ये आला, त्यात पहिल्या दोन आठवड्यांत मरण्याचा धोका बाहेरच्या लोकांच्या 12.7 पट होता, आणि ओव्हरडोसने मरण्याचा 129 पट. कारण शुद्ध जीवशास्त्राचं आहे. दीड वर्ष नशा बंद असली की शरीराची सवय मोडते, पण मेंदूतली ओढ तशीच राहते आणि हाताला जुनाच डोस आठवतो. पूर्वी जेवढ्याने नुसती गुंगी यायची तेवढ्याने आता श्वास थांबतो.

म्हणून सुटायच्या आधीच जेलच्या डॉक्टरांना भेटा आणि ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन, म्हणजे नशेची ओढ आवरणारी औषधं, ह्यांचे उपचार आतच सुरू करून बाहेर चालू ठेवता येतील का ते विचारा. ऱ्होड आयलंडमध्ये 2016 पासून तुरुंगात हे सुरू केलं, तर नुकत्या सुटलेल्यांचे ओव्हरडोसने मृत्यू सहा महिन्यांत 26 होते ते पुढच्या वर्षी त्याच काळात 9 वर आले. नालोक्सोन, म्हणजे ओव्हरडोस उतरवणारं औषध, मिळत असेल तर घरात ठेवा आणि कसं द्यायचं ते शिकून घ्या. पहिले पंधरा दिवस त्याला खोलीत एकटा ठेवू नका, आणि आतून कडी लावू देऊ नका.

आणि औषधाचे कागद, गोळ्या हातात घेतल्याशिवाय त्याला दारातून बाहेर आणू नका. माझा एक टीबीचा पेशंट होता, वीस-बावीसचा, तिसरा महिना चालू, छान सुधारत होता. संध्याकाळी सातला जामिनाची ऑर्डर आली आणि त्याला सोडलं, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात चपला आणि कोर्टाचे कागद. गोळ्या दवाखान्याच्या कपाटात आणि कपाटाची चावी घरी गेलेल्या कंपाउंडरच्या खिशात. आठ महिन्यांनी तो दुसऱ्या केसमध्ये परत आला तेव्हा नेहमीची दोन मुख्य औषधं त्याच्या जंतूवर चालेनाशी झाली होती. मी त्या दिवशी चारलाच निघाले होते, माझ्याकडे दुसरी चावी होती.

कैद्यांवर औषधांचे प्रयोग करतात हे खरं का?

करायचे, आणि राजरोस. सगळ्यात चमत्कारिक 1915 चं, मिसिसिपीतल्या रँकिन तुरुंग-शेतावर डॉक्टर गोल्डबर्गरने 12 धडधाकट कैद्यांना महिनोन्महिने मका, साखर, भात असलं खायला घातलं, बदल्यात गव्हर्नरकडून माफी. शेवटपर्यंत टिकलेल्या 11 पैकी सहा जणांना पेलाग्रा नावाचा रोग झाला आणि तो रोग जंतूने होत नसून निकृष्ट आहाराने होतो हे सिद्ध झालं. विज्ञान अव्वल, पण सुटकेचं गाजर दाखवून घेतलेल्या होकाराला होकार म्हणायचं का? गोल्डबर्गरने पुढे स्वतःला आणि बायकोलाही रोग्याचं रक्त टोचून घेतलं, म्हणून त्याच्यावर मला नीट रागावताही येत नाही. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात 1951 पासून 1974 पर्यंत त्वचेवर जे प्रयोग चालले त्यांच्यावर मात्र येतो. तिथे पाठीवर पट्ट्याच पट्ट्या चिकटवलेले कैदी होते, थोड्या डॉलरसाठी. 1978 नंतर अमेरिकेत हे नियमाने फार आवळलं.

मुलगा आत महिनाभर राहून आला, तेव्हापासून घरात सगळे खाजवताहेत. हा एड्सचा प्रकार तर नाही?

नाही हो आई, ही खरूज आहे असं दिसतंय. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला पुरळ आणि रात्री जास्त खाज असेल तर जवळपास नक्कीच, तरी एकदा दाखवून घ्या. पर्मेथ्रिन क्रीम रात्री मानेपासून पायाच्या तळव्यांपर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने परत एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, ज्याला खाज नाही त्यानेसुद्धा, नाहीतर ती घरातल्या घरात फिरत राहते. चादरी, कपडे गरम पाण्यात. खाज त्यानंतरही दोन-तीन आठवडे राहते, तेव्हा औषध लागू पडलं नाही म्हणून मुलावर ओरडू नका.